गाठीकडे नीट बघणारा डॉक्टर

रस्त्याला आपलं नाव मिळावं, चौकाला मिळावं, गेला बाजार सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेला तरी मिळावं, असं पुष्कळांना वाटतं. पण एखाद्या आजाराला आपलं नाव मिळावं असं कोण मागेल? थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरनं ते मागितलं नव्हतं. तरीही आज जगभरातल्या हॉस्पिटलांत, लॅबच्या रिपोर्टांवर आणि मेडिकलच्या पेपरांत त्याचं नाव रोज लिहिलं जातं. ‘हॉजकिन्स लिम्फोमा’. तुम्ही मेडिकलला असाल तर व्हायव्हाच्या आदल्या रात्री हे नाव घोकलं असेल. नसाल तर कुणाच्या तरी फाइलवर वाचलं असेल, किंवा आज इथेच पहिल्यांदा वाचत असाल.

तिन्ही प्रकारच्या वाचकांनी ही गोष्ट वाचावी याला कारण आहे. हा लसिका ग्रंथींचा कॅन्सर आहे आणि तो म्हातारपणाची वाट बघत बसत नाही. तरुण वयात जे कॅन्सर जास्त आढळतात, त्यात याचा नंबर बराच वर लागतो. सुरुवात अगदी साधी असते. मानेत, काखेत एखादी गाठ लागते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. सोबत थकवा. आता थकवा कुठल्या स्टुडंटला नसतो? सकाळचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी क्लास, रात्री दोनपर्यंत मोबाइल. थकवा येणारच की! घरचे म्हणतात जागरणं कमी कर, मित्र म्हणतात जिम लाव. अशात काही महिने सहज निघून जातात. सुदैवाची बाब ही की हा आजार वेळेत ओळखला तर बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात. म्हणजे सगळा खेळ ओळखण्याचा आहे. ते ओळखणं कुठून सुरू झालं, त्याची ही गोष्ट.

सगळ्यांना एकेरीत बोलणारे लोक

थॉमसचा जन्म १७ ऑगस्ट १७९८ चा, लंडनजवळच्या पेंटनव्हिलचा. कुटुंब क्वेकर पंथाचं. हे ख्रिस्ती लोक, पण त्यांचे नियम वेगळे. साधे कपडे घालायचे, कोर्टातसुद्धा शपथ घ्यायची नाही, युद्धात भाग घ्यायचा नाही आणि समोर लॉर्ड असो की मोलकरीण, सगळ्यांशी एकेरीतच बोलायचं. देवापुढे सगळे सारखे, मग बोलण्यात अहो-जाहो कशाला, असा त्यांचा हिशोब. (तेव्हा आपणही थॉमसला ‘तो’च म्हणू. त्याला राग यायचा नाही.)

वडील शिकवण्या करायचे. थॉमस आणि त्याचा भाऊ घरीच शिकले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच अशा भाषा पोरानं लहानपणीच आत्मसात केल्या. मार्क उत्तम, पण ऑक्सफर्डचं दार बंद. त्या काळी ऑक्सफर्डला प्रवेश घेताना आणि केंब्रिजला डिग्री घेताना इंग्लंडच्या अधिकृत चर्चवर निष्ठा सांगावी लागायची. क्वेकरांना ते मंजूर नव्हतं. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवरचा एक कॉलम आयुष्याची वाट कशी बदलतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग थॉमसनं दुसरी वाट धरली. ब्रायटनमध्ये औषधं तयार करणाऱ्यांकडे उमेदवारी केली. १८१९ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकायला गेला, तिथून स्कॉटलंडमध्ये एडिंबराला. तिथे धर्माची अट नव्हती. १८२३ मध्ये एडिंबराची एम.डी. मिळाली. मधल्या काळात तो पॅरिसलाही जाऊन आला, आणि ती वारी महत्त्वाची ठरली. रेने लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं नुकताच स्टेथोस्कोप शोधला होता. आजच्यासारखा रबरी नळ्यांचा नव्हे, लाकडी नळकांडं! थॉमस ते वापरायला शिकला आणि लंडनला परतल्यावर त्यानं गाय्जच्या डॉक्टरांना त्याची ओळख करून दिली. पेशंट जे सांगतो ते ऐकायचंच, पण त्याचं शरीर काय सांगतं तेही ऐकायचं, ही पॅरिसची शिकवण त्याच्या डोक्यात पक्की बसली.

मेलेल्यांचा इन्स्पेक्टर

१८२०च्या दशकाच्या मध्यावर गाय्ज हॉस्पिटलनं स्वतःचं मेडिकल स्कूल सुरू केलं आणि हॉजकिनला तिथे एक काम मिळालं. मानाचं म्हणावं असं ते नव्हतं. हॉस्पिटलात मेलेल्या पेशंटांची शवविच्छेदनं करायची, आत काय दिसलं ते वहीत लिहायचं आणि महत्त्वाचे भाग बरणीत जपून ठेवायचे. पद शवांच्या इन्स्पेक्टरचं, जोडीला म्युझियमची जबाबदारी. जिवंत पेशंट इतरांकडे, मेलेले याच्याकडे.

आज आपण ‘रिपोर्ट आला का?’ असं सहज विचारतो. तेव्हा रिपोर्ट नावाचा प्रकारच नव्हता. रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही, सोनोग्राफी नाही. आत काय चाललंय ते कळायचं तर माणूस मेल्यावरच. म्हणून हे न आवडणारं काम फार मोलाचं होतं. पेशंट जिवंत असताना काय तक्रार करत होता आणि मेल्यावर आत काय सापडलं, याची जोडी लावत बसणं, हेच तेव्हाचं संशोधन. हॉजकिन ते चिकाटीनं करत राहिला. १८२९ मध्ये त्यानं म्युझियमचा कॅटलॉग छापला.

याच काळात आणखी एक काम झालं. जोसेफ जॅक्सन लिस्टर नावाचा त्याचा एक क्वेकर मित्र होता. धंदा वाइनचा, नाद मायक्रोस्कोप सुधारण्याचा. (पुढे ऑपरेशनमध्ये जंतुनाशक वापरायला शिकवणारे डॉ. जोसेफ लिस्टर, ते याचेच चिरंजीव.) त्याच्या सुधारलेल्या मायक्रोस्कोपखाली दोघांनी रक्त बघितलं आणि लाल पेशी गोल गोळ्यांसारख्या नसून दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेल्या चकत्या असतात, हे १८२७ मध्ये छापून टाकलं. अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत तुम्ही जी आकृती काढली, ती या दोघांची देणगी समजा. नुसत्या तर्कानं ठरवण्यापेक्षा डोळ्यांनी बघून ठरवायचं, ही हॉजकिनची सवय इथेही दिसते.

अवधाण आणि गंडमाळा

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्या शरीरात पाचशे-सहाशे लसिका ग्रंथी असतात. मानेत, काखेत, जांघेत आणि पोटात-छातीत आतही. कुठे जंतू शिरले की जवळच्या ग्रंथी त्यांना अडवतात आणि सुजतात. हे आपल्या आजीला पुस्तक न वाचता माहीत असतं. पायाला जखम झाली आणि जांघेत गाठ आली की ती म्हणते, अवधाण आलंय, जखम भरली की जाईल. आणि तसंच होतं. ग्रंथी सुजली, पण मूळ दुखणं दुसरीकडे होतं.

दुसरा प्रकार गंडमाळेचा. मानेत माळेसारख्या गाठी येतात, कधी फुटतात, वाहतात. हा ग्रंथींचा टीबी. हॉजकिनच्या लंडनमध्ये टीबी घरोघरी होता. त्यामुळे कुणाच्या मानेला गाठ आली की डॉक्टर दोनपैकी एक शिक्का मारायचे. एक तर कुठल्यातरी जखमेमुळे, सुजेमुळे आलेली गाठ, नाही तर गंडमाळा. तिसरं काही असेल, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नव्हता.

हॉजकिनला तो पडला. त्याच्या टेबलावर आलेल्या काही शवांमध्ये त्याला एक वेगळंच चित्र दिसलं. मानेतल्या ग्रंथी मोठ्या झालेल्या, छातीत आणि पोटात मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेकडेनं आणखी ग्रंथींची रांग, आणि बऱ्याच जणांची प्लीहाही वाढलेली. टीबीत असतो तसा दह्यासारखा मऊ पडलेला भाग नाही. जवळपास जखम नाही, पू नाही. मग या ग्रंथी सुजल्या कशामुळे?

त्याचं उत्तर असं, की यांना दुसऱ्या कुणी सुजवलेलं नाही. आजार या ग्रंथींचाच आहे. आजीच्या भाषेत सांगायचं तर हे अवधाण नव्हे आणि गंडमाळाही नव्हे. वाचायला एक वाक्य, पण तोवर चाललेल्या विचाराला दिलेली ही मोठी कलाटणी होती. निरोप्याकडे बघून सगळे मूळ गुन्हेगार दुसरीकडे शोधत होते. हॉजकिननं सांगितलं, या वेळी निरोप्यालाच धरा.

सात पेशंट आणि एक थंड प्रतिसाद

त्यानं असे सात पेशंट एकत्र मांडले. पहिल्यांमध्ये नऊ-दहा वर्षांची मुलं होती, पुढे मोठी माणसं. सातवा पेशंट तर त्यानं बघितलाच नव्हता. रॉबर्ट कार्सवेल नावाचा त्याचा डॉक्टर मित्र शवविच्छेदनाची जलरंगात फार सुंदर चित्रं काढायचा. त्यातलं एक चित्र बघून हॉजकिननं ओळखलं, हा आपल्याच यादीतला. फोटो नव्हते त्या काळात एका डॉक्टरचा डोळा आणि दुसऱ्याचा ब्रश असे एकमेकांच्या उपयोगी पडले.

जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे हा निबंध वाचला गेला. हॉजकिन त्या सोसायटीचा सभासद नव्हता, म्हणून सेक्रेटरींनी तो वाचून दाखवला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, केवळ नुसत्या डोळ्यांनी बघून, मायक्रोस्कोप न वापरता लिहिलेला निबंध. त्यात मोठे दावे नव्हते. आपल्या आधी कुणाला असं काही दिसलं होतं, तर तेही त्यानं नोंदवलं. मार्चेल्लो माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाच्या १६६६ मधल्या वर्णनापर्यंत तो मागे गेला. उपाय त्याच्याकडे नव्हता आणि असल्याचा आव त्यानं आणला नाही. आजाराला नावही दिलं नाही.

पुढे? काही नाही. निबंध छापला गेला, कपाटात गेला. रिझल्ट लागला आणि कुणी पेढेसुद्धा मागितले नाहीत, अशी गत.

हुकलेलं प्रमोशन

आता त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू बघा. जे दिसतं ते बोलायचं, ही सवय शवविच्छेदनाच्या टेबलापुरती नव्हती. कॅनडात हडसन्स बे कंपनी प्राण्यांच्या कातड्याचा व्यापार करायची. (ईस्ट इंडिया कंपनीची चुलत बहीण म्हणा.) त्या व्यापारात तिथल्या मूळ रहिवाशांचे काय हाल होतात, याची माहिती हॉजकिननं गोळा केली आणि लिहून पाठवली. कुणाला? बेंजामिन हॅरिसनना. हे गाय्ज हॉस्पिटलचे ट्रेझरर, म्हणजे तिथले सर्वेसर्वा. आणि तेच हडसन्स बे कंपनीच्या कारभारी मंडळातही होते!

१८३७ मध्ये गाय्जमध्ये असिस्टंट फिजिशियनची जागा निघाली. जिवंत पेशंट बघण्याची, प्रतिष्ठेची जागा. काम बघितलं तर हक्क हॉजकिनचा होता. जागा दुसऱ्याला मिळाली. हॉजकिननं राजीनामा दिला. हॅरिसनचा राग एवढ्याच कारणानं नव्हता. लंडनला धर्माची अट नसलेलं नवं विद्यापीठ निघालं होतं आणि हॉजकिन त्याच्या बाजूनं उभा राहिला होता, तेही हॅरिसनसारख्या जुन्या वळणाच्या माणसाला खटकणारं होतं. ज्याला ऑक्सफर्डनं दारातच अडवलं, तो दुसऱ्यांसाठी दार उघडायला जाणारच ना!

ज्या गाय्जमध्ये रिचर्ड ब्राइट, थॉमस अ‍ॅडिसन आणि हॉजकिन असे तिघं एकाच वेळी काम करत होते (तिघांच्याही नावानं पुढे आजार ओळखले गेले), तिथून हॉजकिन चाळिशीच्या आतच बाहेर पडला. पुन्हा त्याच्या हातात तशी प्रयोगशाळा आली नाही. मधे थोडा काळ सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शिकवलं, तेवढंच. एका पत्राची ही किंमत.

पण तो रडत बसला नाही. वसाहतींमधल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी अ‍ॅबोरिजिन्स प्रोटेक्शन सोसायटी उभी करणाऱ्यांमध्ये तो पुढे होता आणि शेवटपर्यंत तिचं काम करत राहिला. प्रॅक्टिस चालली, पण श्रीमंत झाला नाही. गरिबांकडून फी घ्यायला त्याला जड जायचं. कष्टकऱ्यांसाठी त्यानं आरोग्यावर व्याख्यानं दिली. स्वच्छ हवा, अंघोळ, व्यायाम, शिक्षण या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्यानं तेव्हा समजावून सांगितल्या.

प्रेमातही नशीब साथीला नव्हतं. त्याचं मन आपल्या फर्स्ट कझिनवर जडलं होतं, पण क्वेकर पंथात असं लग्न चालत नव्हतं. ज्या पंथाचे नियम त्यानं जन्मभर पाळले, त्याच पंथानं त्याला हो म्हटलं नाही. अखेर १८५० मध्ये, वयाच्या पन्नाशीत, सारा फ्रान्सिस स्केफ या विधवा स्त्रीशी त्यानं लग्न केलं.

तेहतीस वर्षांनी लागलेला शोध

इकडे गाय्जमध्ये सॅम्युअल विल्क्स नावाचा पुढच्या पिढीतला डॉक्टर तेच शवविच्छेदनाचं काम करत होता. त्यालाही तशाच ग्रंथी सापडल्या. काहीतरी नवीन हाती लागलं असं त्याला वाटलं. मग ब्राइटच्या लिखाणात त्याला हॉजकिनच्या निबंधाचा उल्लेख दिसला. निबंध काढून वाचला. सगळं आधीच लिहून ठेवलेलं!

अशा वेळी माणसाची खरी परीक्षा असते. विल्क्सकडे जास्त पेशंटांची माहिती होती, वर्णनही जास्त बारकाईचं होतं. पण १८६५ मध्ये निबंध छापताना त्यानं शीर्षकातच आजाराचं नाव घातलं, हॉजकिनचा आजार. स्वतःचं नाव नाही घातलं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याच्या स्लाइडवर आपलं नाव चिकटवणाऱ्यांनी विल्क्सचा फोटो वॉलपेपरला ठेवावा.

पुढच्याच वर्षी हॉजकिन आपले मित्र सर मोझेस माँटेफिओरे यांच्यासोबत पॅलेस्टाइनला गेला. माँटेफिओरे हे ज्यू समाजातले मोठे दानशूर. एक ज्यू आणि एक क्वेकर, मैत्री चार दशकांची. प्रवासात हॉजकिन पोटाच्या विकारानं आजारी पडला आणि एप्रिल १८६६ मध्ये जाफा इथे वारला. तिथेच त्याला पुरलं. कबरीवरचा दगडी स्तंभ माँटेफिओरे यांनी उभारला.

बरणीतल्या गाठी बोलल्या

माणूस गेला, पण प्रश्न सुटला नव्हता. हा आजार नक्की काय, यावर पुढची चाळीस वर्षं वाद चालला. मायक्रोस्कोपखाली या गाठींत काही अवाढव्य पेशी दिसायच्या, घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रं असलेल्या. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गनं त्यांचं नेमकं वर्णन केलं, पण आजार हा टीबीचाच एक प्रकार, असं त्याचं मत पडलं. बघा, गंडमाळेचा शिक्का किती पक्का होता! १९०२ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड या तरुणीनं त्या पेशी पुन्हा तपासल्या आणि ठामपणे सांगितलं, हा टीबी नव्हे. काही पेशंटना दोन्ही आजार असतात, म्हणून गोंधळ होतो. ती नुकतीच डॉक्टर झाली होती, वय विशीतलं. आज त्या पेशींना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात.

मग १९२६ मध्ये एक मजेशीर गोष्ट झाली. हॉजकिननं बरणीत ठेवलेल्या मूळ गाठींपैकी तीन गाय्जच्या म्युझियममध्ये अजून शाबूत होत्या. हर्बर्ट फॉक्स या अमेरिकन डॉक्टरनं त्यांचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघितले. दोन पेशंटना खरोखर हॉजकिनचाच आजार होता. तिसऱ्याला ग्रंथींचा दुसरा कॅन्सर. नुसत्या डोळ्यांनी केलेलं निदान, जवळजवळ शंभर वर्षांनी तपासलं आणि तीनपैकी दोन बरोबर! आणि तिसरं चुकलं हे तरी कशामुळे कळलं? त्यानं गाठ फेकून दिली नव्हती, म्हणून.

उपचार मात्र फार उशिरा आले. आधी रेडिएशन, मग १९६०च्या दशकात अमेरिकेत चार औषधं एकत्र देऊन पाहिली आणि पुष्कळ पेशंट बरे होऊ लागले. त्या चारांतलं एक औषध कशापासून मिळतं माहितेय? सदाफुलीपासून! तीच, बिल्डिंगच्या गेटजवळच्या कुंडीत वर्षभर फुललेली असते ती. नंतर आलेल्या औषधांच्या जोडणीतही सदाफुलीचं एक औषध आहे. (म्हणून पानं तोडून चघळायला जाऊ नका. पानात इतर विषारी द्रव्यंही असतात. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात.)

आता तुमच्याकडे

ही गोष्ट लंडनची, दोनशे वर्षांपूर्वीची. पण हॉजकिनपुढचा प्रश्न आपल्याकडे आजही रोज उभा राहतो. आपल्या देशात टीबी भरपूर आहे. त्यामुळे मानेत गाठ आणि बारीक ताप असला की पहिला संशय टीबीवर जातो. तो बरोबरच आहे, कारण बहुतेक वेळा एक तर साधं इन्फेक्शन असतं किंवा टीबी. घशाच्या इन्फेक्शननं येणाऱ्या गाठी तर दोन-तीन आठवड्यांत आपोआप बसतात. तेव्हा लगेच मान चाचपत, गुगल करत रात्र घालवू नका.

पण काही खुणा लक्षात ठेवा. गाठ तीन-चार आठवड्यांनीही कमी होत नाही, उलट वाढते. दुखत नाही आणि रबरासारखी टणक लागते. कॉलरच्या हाडाच्या वर आहे. वारंवार ताप येतो, रात्री एवढा घाम येतो की टी-शर्ट बदलावा लागतो, डाएट न करता वजन उतरतं, पुरळ नसताना अंगभर खाज सुटते. आणि थकवा असा, की रविवारी दहा तास झोपूनही जात नाही. तो आळस नसतो. गाठीतल्या पेशी रक्तात जी रसायनं सोडतात, त्यांनी ताप, घाम आणि हा थकवा येतो. यातलं काही जुळत असेल तर घरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. हॉस्टेलवर असाल तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका.

डॉक्टरकडे गेलात की तारखा सांगा. गाठ कधी लागली, ताप कोणत्या दिवशी किती, वजन आधी किती आणि आता किती. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून न्या. ‘खूप दिवस झाले, बरं वाटत नाही’ यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

सुईनं गाठीतल्या थोड्या पेशी काढून तपासतात, ती पहिली पायरी. त्यात टीबी सापडला तर औषधांचा कोर्स पूर्ण करा. पण नक्की काही निघालं नाही, तर गाठ काढून बायोप्सी करायची का, हे विचारायला लाजू नका. रीड-स्टर्नबर्ग पेशी गाठीत फार थोड्या असतात, सुईत त्या न येण्याची शक्यता असते. टीबीचा पुरावा न मिळता गोळ्या सुरू झाल्या असतील आणि गाठ वाढतच असेल, तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि निदान पुन्हा तपासायला सांगा. आणि कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका. त्यांनी गाठ काही दिवस बसते, पण मग बायोप्सीतही आजार लपू शकतो.

हे सगळं विचारणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे. दोन ठरलेल्या शिक्क्यांपैकी एकही बसत नाही, हे दिसल्यावर हॉजकिननं गाठीला बळेच एका खान्यात कोंबलं नाही. पुन्हा बघितलं, लिहून ठेवलं, जपून ठेवलं. आपल्याकडे तर तो ज्याची कल्पनाही करू शकला नसता अशी साधनं आहेत. ती वापरायची तर आधी कुणीतरी ती गाठ मनावर घ्यायला हवी. ते काम तुमचंच.